मेन बंद केला का?

ह्यांचे ओठ वांग्याच्या रंगाचे झाले होते आणि माझा मुलगा फोनवर कुणाला तरी "हॅलो, हॅलो" करत होता. काचेबाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला उसाची ट्रॉली. पुढे कुठे तरी धुक्यात गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या आणि पानिपतच्या अलीकडे अख्खा रस्ता जागच्या जागी उभा होता. ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं होतं. ते विजेवर चालतं. गाडीतली वीज इन्व्हर्टरमधून येते, आणि इन्व्हर्टर मेला होता.

ह्यांच्या बोटाला चिमटा लावलेला असतो, त्यावर आकडा दिसतो. नव्वदच्या आसपास असला की ठीक. तो शहात्तर झाला. मी ह्यांची पाठ चोळत होते. पाठ चोळून छातीत हवा जात नाही, एवढं मला कळतं. पण समोर माणूस तडफडत असताना हात मांडीवर ठेवून बसता येत नाही.

"आई, बाबांना वारा घाल," मिलिंद फोनवर हात ठेवून म्हणाला.

"संक्रांतीच्या थंडीत?"

तो परत "हॅलो" करू लागला. सून गाडीत नव्हती. ती धुक्यात उतरून गेली होती, कुठे अडकलेली अँब्युलन्स सापडते का बघायला. जाताना तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. मुरथळपासून तिच्याशी कुणीच बोलत नव्हतं.

मयूर विहार

आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात पानिपतच्या सहलीवर दरवर्षी हे लिहितात. त्यात मी एकदाच येते, गुळाच्या पोळ्या बांधून देताना. या वर्षी मी लिहिते आहे. जे आले नव्हते त्यांना फोनवरून बरंच काही कळलेलं आहे. त्यातलं निम्मं खोटं आहे.

ज्यांना आम्हा दिल्लीच्या मराठी माणसांची ही रीत ठाऊक नाही त्यांना सांगते. पानिपतची लढाई संक्रांतीला झाली. म्हणून संक्रांतीला बस करून पानिपतला जायचं, तिथल्या काला आंब या स्मारकाला फुलं वाहायची, भाषणं ऐकायची, तिळगूळ वाटायचा आणि संध्याकाळी परत यायचं. जिथे आपण हरलो तिथे गोडाचे डबे घेऊन जाणारी माणसं जगात आणखी कुठे असतील तर मला दाखवा. हे केंद्र सरकारच्या नोकरीत कारकून म्हणून दिल्लीला आले तेव्हापासून जातात. लग्नानंतर मीही जायला लागले, कारण पोळ्या मीच करायच्या असत.

आता ह्यांची फुप्फुसं गेली. हे म्हणतात दिल्लीची हवा. दिल्लीची हवा मीही तेवढीच खाल्ली, पण मी सिगरेट ओढली नाही. नाकात नळी आणि नळीच्या टोकाला मशीन, असं दिवसरात्र चालू आहे. खट, फुस्स. खट, फुस्स. तरी डिसेंबरपासून ह्यांचं एकच, "यंदा पानिपत चुकवायचं नाही. शेवटचं असेल."

मी म्हटलं, "चुकवलं नाही तर नक्की शेवटचं होईल."

ते मिलिंदला लागलं. मिलिंद आमचा एकुलता एक, गुडगावला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, राहतोही तिथेच. त्याने एक गाडी भाड्याने ठरवली. बसएवढी नाही, पण आत घर. लांब सीट, पलंग, मोरी, संडास, फ्रिज, विजेची शेगडी. गॅस नाही. गाडीवाल्यांना आगीचं भय. त्यामुळे ऑक्सिजनचा सिलिंडरही चालणार नाही म्हणाले. "आग लगी तो कौन जिम्मेदार?" म्हणजे सगळी भिस्त इन्व्हर्टरवर. गाडी सोडायला आलेल्या माणसाने मिलिंदला तो दाखवला. "छत पे सोलर है सर, इंजन से भी चार्जिंग होती है, टेंशन ही नहीं है." तो बटणं दाखवत होता आणि मिलिंद "हाँ हाँ, समझ गया" म्हणत होता. कॉम्प्युटरवाल्या माणसाला मशीनबद्दल दोनदा विचारायची लाज वाटते. वर सूर्य नव्हता, तर सोलर काय करणार, हेही त्या माणसाला कुणी विचारलं नाही.

भोगीच्या सकाळी निघालो. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. ह्यांना खुर्चीत बसवून चौकीदाराने आणि ड्रायव्हर सतबीरने तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं. जिन्यापुरता म्हणून छोटा सिलिंडर बरोबर होता. गाडीत मशीन सुरू झाल्यावर तो सिलिंडर गेटवर चौकीदाराच्या खोलीत ठेवला. तिथेच त्याच्यावर चौकीदाराने आपली टोपी ठेवलेली मी बघितली.

आमच्या घरात बाहेर पडतानाची एक पद्धत आहे. माणसं देवाला नमस्कार करून निघतात, आमचे हे बटणं बंद करून. गॅस बंद, गीझर बंद, खिडक्या बंद आणि शेवटी दाराशी येऊन मेन स्विच बंद. मी विचारायचं, "मेन बंद केला का?" ह्यांनी म्हणायचं, "केला." मग कुलूप. मुंबईला जायचं असो की कोपऱ्यावरच्या लग्नाला. चालू राहिलेला दिवा ह्यांना चालू राहिलेल्या नळासारखा दिसतो. ऑफिसातसुद्धा साहेबाच्या खोलीतला पंखा हे जाऊन बंद करायचे. साहेब आत असताना एकदा केला होता.

त्या दिवशी हे खाली गाडीत, त्यामुळे मेन मी बंद केला. खाली आले तर ह्यांनी विचारलं, "मेन?"

"बंद."

"गीझर?"

"मेन बंद म्हटल्यावर गीझर कशावर चालेल?"

ह्यांचं समाधान झालं नाही. पहिल्यांदाच घर दुसऱ्याने बंद केलं होतं. मी पिशव्या लावत होते, तेव्हा हे पुढे वाकून सीटच्या खाली काहीतरी करत होते. मला वाटलं, मोजे ओढतायत. "मी ओढते ना," म्हटलं, तर म्हणाले, "झालं, झालं."

मुरथळ

दिल्ली सुटली तरी धुकं सुटेना. सतबीर हरियाणाचाच, काचेला नाक लावून चालवत होता. आमची गाडी मुरथळला पोचेपर्यंत चालणारी माणसंसुद्धा पुढे गेली असतील.

मुरथळला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पराठ्यांची हॉटेलं आहेत. रात्रंदिवस चालू, लग्नघरासारखी. बटाट्याचा, कांद्याचा, मुळ्याचा पराठा, तंदुरात भाजलेला, आणि वर मुठीएवढा पांढऱ्या लोण्याचा गोळा. आमच्याकडे लोणी बोटाने चाटायचं आणि लगेच आईची नजर बघायची. इथे गोळा संपला की पोऱ्या न विचारता दुसरा टाकतो. मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू? भोगीची बाजरीची भाकरी पिशवीत होती आणि मी मुळ्याचे दोन पराठे खाल्ले.

ह्यांना उतरवणं शक्य नव्हतं. मी पराठा घेऊन गाडीत चढले तेव्हा हे नेहाला सांगत होते, "हॉटेलचा चहा नको बाई. नुसती साखर असते. तुझ्या हातचा आल्याचा दे."

नेहा म्हणजे माझी सून. दिल्लीतच वाढलेली. मराठी बोलते, पण मधले शब्द हरवलेले असतात. भोगीला ती "वो तिळाच्या भाकरीवाला दिवस" म्हणते. स्वभाव कामाचा. तिने विजेची किटली लावली. पायाशी हीटर चालू होता, फ्रिज चालू होता, मशीन चालू होतं. किटलीचा दिवा लागला, आणि इन्व्हर्टरने लांब शिट्टी मारली आणि सगळं गप्प.

मिलिंद हॉटेलमधून धावत आला. किटली उपटली, इन्व्हर्टरचं बटण दाबून धरलं, सोडलं. मशीन परत सुरू झालं. दोन-तीन मिनिटांचा खेळ, पण ह्यांचा घाम निघाला.

"दीड हजार वॉटची किटली आहे ही, नेहा! कॉमन सेन्स है यार!"

"मला काय माहीत? तू बोललास का की नाही लावायची?"

"हे सांगावं लागतं?"

हे नळीतून दम घेत म्हणाले, "कुठे काय लावायचं ते कळायला हवं."

"बाबा, तुम्हीच तर बोललात चहा पाहिजे."

"मी चहा मागितला. किटली मागितली नव्हती."

नेहाने किटली पुसली, खोक्यात घातली, खोकं वर ठेवलं आणि पुढे सतबीरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. चहा कुणालाच मिळाला नाही.

रस्त्यात

इन्व्हर्टरला एक छोटी काच आहे, तीत बॅटरीच्या काड्या दिसतात. मुरथळ सोडलं तेव्हा काड्या निम्म्या होत्या. गाडी चालू, म्हणजे त्या वाढायला हव्यात, असं मिलिंद म्हणाला. त्या कमी झाल्या. मिलिंदने फ्रिज बंद केला. मग हीटर. मग दिवे. ह्यांच्या अंगावर मी दोन रजया आणि माझी शाल घातली. शेवटी मिलिंदने स्वतःचा फोन चार्जरवरून काढला. एक काडी आणखी गेली.

घरात धान्य संपत आलं की पंगतीतून एकेक माणूस उठवायचा, तसं चाललं होतं. घरात धान्य येतंय की नाही ते कुणी बघितलं नाही. किटलीचं पाप एवढं मोठं झालं होतं की दुसरं काही सुचेना.

"इंजन चालू है तो चार्ज हो ही रहा होगा जी," सतबीर म्हणाला.

"किटलीने बॅटरीच डॅमेज केली असणार," मिलिंद म्हणाला.

मग इन्व्हर्टर वाजू लागला. टूक. टूक. टूक. थांबून थांबून. तेव्हा नेहा पुढून मान वळवून म्हणाली, "मिलिंद, ही बीप वेगळी आहे. मघाशी लांब होती. तब तो एकदम लंबी वाली थी."

"तू आता काही बोलू नकोस, प्लीज."

हे डोळे मिटून बसले होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. झोपलेल्या माणसाच्या पापण्या हलत नाहीत. ह्यांच्या हलत होत्या.

पुढे लाल दिव्यांची रांग दिसली आणि सतबीरने ब्रेक मारला. समोरून पायी आलेला एक माणूस सांगून गेला, पुढे पाच-सात गाड्या भिडल्यात, क्रेन आल्याशिवाय रस्ता सुटत नाही. मागे वळायला जागा नव्हती. आमच्या मागे ट्रक येऊन टेकले होते. इन्व्हर्टर आणखी थोडा वेळ टूक टूक करत राहिला आणि थांबला. त्याबरोबर मशीन थांबलं.

त्या मशीनच्या आवाजाचा मला रोज राग येतो. झोप लागत नाही, टीव्ही ऐकू येत नाही. तो थांबला तेव्हा गाडीत ह्यांच्या छातीचा आवाज ऐकू आला. ओल्या लाकडावर करवत चालवावी तसा.

मिलिंदने किटलीच्या वेळचं बटण दाबलं. एकदा, दोनदा, चारदा. काही नाही. मग गाडीवाल्यांना फोन लावला. नेहा उठली, स्वेटरवर ओढणी गुंडाळली, म्हणाली, "एवढा मोठा जाम आहे, कुठे तरी अँब्युलन्स असेलच ना. मी बघते." दार उघडून उतरली आणि दोन पावलांत दिसेनाशी झाली. मिलिंदने मान वर केली नाही.

फोन स्पीकरवर होता.

"सर, स्क्रीन पे क्या लिखा है?"

"लो बैट लिखा था. अब तो स्क्रीन ही बंद है!"

"तो सर, इंजन चालू कीजिए."

"इंजन चालू है!"

"चालू है तो चार्ज क्यों नहीं हो रहा सर?"

"वही तो मैं आपसे पूछ रहा हूँ! मेरे फादर का ऑक्सिजन बंद है!"

"होल्ड कीजिए सर."

गाणं लागलं. माणूस जातोय आणि फोनवर बाजा वाजतोय. मी आयुष्यात शिव्या कमी दिल्या, पण सातारा जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी ऐकलेली एक शिवी त्या वेळी दिली. आकडा एकाहत्तर.

गाणं थांबलं. "सर, चार्जिंग वाला स्विच तो ऑन है ना? लाल रंग का, गोल. सीट के नीचे होता है."

"कौन सी सीट?"

"एक मिनट सर, पूछ के बताता हूँ."

तेव्हा ह्यांचा हात रजईतून बाहेर आला. नखं निळी पडलेली. हात खाली गेला, सीटच्या पुढच्या कोपऱ्यात, पायाच्या मागे. हात चाचपडला नाही. देवघरातला दिवा अंधारात सापडतो तसा सरळ गेला, आणि खट्ट आवाज झाला.

इन्व्हर्टरच्या काचेवर उजेड आला. मिलिंद ओरडला, "सतबीर, रेस दो, रेस!" सतबीरने इंजिन घोंघावत ठेवलं. मिलिंदने बटण दाबून धरलं, सोडलं. नाही. पुन्हा दाबलं. मशीनने उचकी दिली. खट. फुस्स. खट. फुस्स.

मी नळी ह्यांच्या नाकात नीट बसवली. आकडा बराच वेळ तिथेच घुटमळला, मग चढायला लागला. हे माझ्याकडे बघत होते. मी काय बघितलं ते ह्यांना कळलं होतं. हेही मला कळलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

नेहा परत आली तेव्हा केस दवाने भिजून चिकटलेले होते, एका पायात चप्पल नव्हती आणि कोपर सोललेलं होतं. एका ट्रकच्या मागच्या लोखंडी आकड्याला अडखळून पडली म्हणे. अँब्युलन्स तिला सापडली होती, पण तिच्यात अपघातातलीच माणसं होती. दारात उभी राहून तिने मशीनचा आवाज ऐकला आणि पायरीवरच बसली. हुंदके देऊन रडली. मी जाऊन तिचं कोपर पुसलं.

"कसं चालू झालं?" तिने विचारलं.

"एक स्विच ऑफ होता," मिलिंद म्हणाला. "आता सगळं ठीक आहे. चलो."

कुणी बंद केला, असं त्याने विचारलं नाही. नेहानेही विचारलं नाही. ती पुढे जाऊन बसली.

पानिपत

आम्ही उतरतो ते गाव पानिपत शहराच्या बाहेर आहे. ह्यांचे जुने स्नेही आहेत तिथे, शेतकरी, आपण मूळचे मराठे असं सांगणारी माणसं. लढाईतून जी वाचली आणि रानात लपली, त्यांची ही मुलंबाळं. खरं-खोटं देव जाणे, पण दरवर्षी मंडळाच्या माणसांना जेवू घालतात. घरची सून बिमला. डोक्यावर पदर नाकापर्यंत, पण आवाज सगळ्या गल्लीला पुरेल असा.

"हम भी मराठे सैं, माताजी!" दरवर्षी म्हणते.

"मग मराठी बोल की दोन शब्द."

"वो तो म्हारे पड़दादे के पड़दादे भूल गे!"

गाडीची वायर त्यांच्या घरातून जोडली आणि मशीनची काळजी मिटली. लांब नळी लावून ह्यांना अंगणात बाजेवर बसवलं. बिमलाने बाजरीची खिचडी केली होती. आपण बाजरी भाकरीला वापरतो, हे लोक ती कुटून रात्रभर शिजवतात आणि मध्ये खड्डा करून त्यात तूप ओततात. मी माझी भोगीची भाजी आणि तिळाच्या भाकऱ्या वाढल्या. त्यांच्या पोरांनी भाकरी गुळाबरोबर खाल्ली, भाजीला हात लावला नाही. वांग्याकडे मीही त्या दिवशी बघू शकत नव्हते.

मंडळाची बस यंदा धुक्यामुळे संक्रांतीच्या आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. सगळे ह्यांच्या बाजेभोवती जमले. हे वर्षभर घरात पडून असतात. एवढी माणसं बघून ह्यांना बळ आलं.

"काय काका, उशीर झाला?"

"अहो, उशीर काय! माझं पानिपतच व्हायचं होतं! सूनबाईंनी किटली लावली. तोफ डागावी तशी. इन्व्हर्टर धारातीर्थी!"

सगळे हसले. हे पण हसले, खोकले, पाणी प्यायले आणि परत पहिल्यापासून सांगितलं. कारण आणखी चार जण आले होते. नेहा हातात तुपाची वाटी घेऊन वाढत होती. कोपराला मी बांधलेला रुमाल. ती चमचा चमचा तूप वाढत पुढे गेली. एक जण म्हणाले, "आजकालच्या मुली, यूट्यूब बघून चहा करतात," आणि त्यावरही हसले. मिलिंद मान खाली घालून खिचडी खात होता.

मी तेव्हा काही बोलले नाही. वाटलं, हा माणूस आत्ताच वर जाऊन परत आलाय. झोपेल, उठेल, सांगेल.

संक्रांतीला सकाळी काला आंबला गेलो. जे गेलेले नाहीत त्यांना सांगते, आंबा नाही तिथे. एक विटांचा खांब आहे, बाग आहे, भोवती गव्हाची आणि सरसोंची शेतं. एवढी माणसं मेली त्याचं त्या जमिनीला काही नाही. गहू हिरवागार होता. ह्यांना गाडीतूनच दाखवलं. हे हात जोडून रडले. लाऊडस्पीकरवर भाषणं चालू होती. कोण कुणामुळे हरलं, कुणी कुणाचं ऐकलं नाही, दोष कुणाचा. दरवर्षी त्यावरच बोलतात.

दुपारी परत बिमलाकडे. तिथे संक्रांतीची त्यांची एक रीत आहे, ती मला आधी ठाऊक नव्हती. त्या दिवशी घरातली म्हातारी माणसं रुसतात. खोटं खोटं. सासू घर सोडून शेजारच्या ओट्यावर जाऊन बसते, सासरा बैठकीत तोंड फिरवून बसतो. मग सुना गाणी म्हणत जातात, शाल पांघरतात, मिठाई देतात आणि मनवून घरी आणतात. बिमलाची सासू दोन घरं पलीकडे जाऊन बसली होती आणि तिला आणायला अख्खी गल्ली निघाली होती. आपण म्हणतो, गोड बोला. ते म्हणतात, रुसा, आम्ही मनवतो. त्यांचं जास्त खरं वाटलं मला.

सासूला मिरवत आणल्यावर बिमलाने एक नवी शाल नेहाच्या हातात ठेवली. "ले बेटी, तू बी अपणे ससुर नै मना ले."

सगळ्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. मंडळाची माणसं फोन काढून उभी राहिली. ह्यांना गंमत कळली. तोंड फिरवलं आणि नाटकी आवाजात म्हणाले, "मी रुसलोय! कालच्या किटलीवर रुसलोय!"

पुन्हा हशा. नेहा शाल घेऊन अंगणाच्या मध्ये उभी होती. पाऊल उचललं तिने. जाणार होती ती. मनवणार होती.

"नेहा, थांब," मी म्हटलं. "अहो, तो लाल खटका कुणी बंद केला होता?"

हे वळले. "कुठला खटका?"

"सीटखालचा. मी घर बंद करून खाली आले तेव्हा तुम्ही वाकला होतात."

"मला काय माहीत तो कशाचा होता. दिसला, बंद केला. सवयीने."

"ते मान्य आहे. सवय मला माहीत आहे. मुरथळला कळलं होतं का?"

टाळ्या थांबल्या होत्या. अंगणात मशीन तेवढं चालू होतं.

"मुरथळला कळलं होतं का?"

"शंका आली होती," हे म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"आता सगळ्यांसमोर काय..."

"किटली सगळ्यांसमोरच सांगितलीत."

ह्यांनी बोटाचा चिमटा काढला, परत लावला. नेहाने शालीची घडी नीट केली, ती ह्यांच्या पायाशी बाजेवर ठेवली आणि जाऊन गाडीत बसली. मिलिंद तिच्यामागे गेला. आतून दार लागलं होतं. तो बाहेर उभा राहिला.

बिमलाला मराठी कळत नाही. तिने पदर वर करून मला विचारलं, "के होया, माताजी?"

"कुछ नहीं. हमारे में मनाते नहीं."

परत

येताना ऊन पडलं होतं. रस्ता मोकळा होता. लाल खटका चालू होता आणि इन्व्हर्टरच्या काड्या सगळ्या भरलेल्या होत्या. हीटर चालला, फ्रिज चालला, दिवे चालले. किटली सोडून सगळं चाललं. मुरथळला सतबीरने विचारलं, "रोकूँ जी?" मग आरशात आमची तोंडं बघितली आणि तो सरळ पुढे निघाला.

मयूर विहारला चौकीदार सिलिंडर घेऊन आला, ह्यांना खुर्चीत बसवलं, वर चढवलं. नेहा गाडीतून उतरली नाही. मी खिडकीशी जाऊन "येतेस का वर, चहा टाकते," म्हटलं. ती म्हणाली, "नको आई. तुम्ही बोललात, थँक यू. पण मी नाही येणार आता." तुम्ही बोललात, असं ती म्हणाली. पण मी एक दिवस उशिरा बोलले होते, आणि त्या एका दिवसात तिने सगळ्यांना तूप वाढलं होतं.

मिलिंद रविवारी एकटा येतो. औषधं आणून देतो, मशीनची जाळी धुतो, जातो. मंडळाच्या बायका मला म्हणाल्या, घरातली गोष्ट चारचौघांत काढायची नव्हती, ते सुद्धा संक्रांतीला, ते सुद्धा आजारी माणसाची. ह्यांनाही तेच वाटतं. हे माझ्याशी औषध आणि पाणी एवढंच बोलतात. एकदाच म्हणाले, "तिथे मेलो असतो तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "मग हात कशाला घातलात खाली?"

आता आमच्या घरातला मेन कधीच बंद होत नाही. मशीन चालू असतं, त्यामुळे एकाने घरात राहावंच लागतं. मीच राहते.

पानिपतला जी माणसं गेली आणि परत आली नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही दरवर्षी जातो. यंदा त्या गाडीत आम्ही पाच जण होतो. हे, मी, मिलिंद, नेहा आणि सतबीर. पाचही जण जिवंत परत आलो.